राजीनामा मागितला तर सही करायच्या आधी हे वाचा: नोकरीवरून काढणं, भेदभाव आणि लेबर कोर्टाची वाट

शुक्रवार, दुपारचे साडेतीन. एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पाण्याचा ग्लास, टोपण काढलेलं पेन आणि माझ्याच नावाने आधीच टाइप केलेला राजीनामा, "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहिलेला. मी भोसरीला एका कंपनीत स्टोअरला होतो, नऊ वर्षं झाली होती, आणि माझं वैयक्तिक कारण काय ते मलाच त्या दिवशी कळलं. एचआरवाले साहेब गोड बोलत होते, सही केली तर एक्सपिरियन्स लेटर चांगलं देऊ, नाही केली तर टर्मिनेशन लागेल, मग कुठे नोकरी मिळणार, घरी लहान मुलं आहेत ना तुमच्या वगैरे. वीस मिनिटांत मी सही केली. करायला नको होती. ती वीस मिनिटं निस्तरायला मला पुढे तीन वर्षं लागली.

आता दर शनिवारी मी युनियनच्या ऑफिसला बसतो, लोकांचे अर्ज लिहून देतो, कागद लावून देतो. मी वकील नाही हे आधीच सांगतो. पण जे लोक येतात त्यांच्यातल्या बहुतेकांची केस कोर्टात बिघडलेली नसते, ती पहिल्या दोन-चार दिवसांतच बिघडलेली असते, काय सही केलं आणि काय लिहिलं नाही यावरून. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

केबिनमध्ये असताना

राजीनामा लिहून द्यायचा नाही. एवढं एक केलंत तरी अर्धं काम झालं. कारण राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत तुम्हाला कुणी काढलंच नाही, तुम्ही स्वतः सोडलं, आणि ते जबरदस्तीने घेतलं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या डोक्यावर येते. उलट कंपनीने काढलं तर का काढलं, कशा पद्धतीने काढलं, याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. टर्मिनेशनची भीती दाखवतात ना, ती भीती खरं तर त्यांनाच जास्त असते, म्हणून तर राजीनामा मागतात, नाहीतर सरळ पत्र दिलं असतं की हातात.

"मला घरी विचारायला वेळ पाहिजे" एवढंच म्हणा आणि उठा. भांडू नका, टेबलावर हात आपटू नका, त्याचीच उद्या चार्जशीट होते. कुठलाही कागद दिला तर "मिळाला, मजकूर मान्य नाही" असं लिहून, खाली तारीख आणि वेळ टाकून सही करा, आणि कॉपी घ्या. कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नाही.

आणि सही झालीच असेल तर? माझी झाली होती. त्या रात्री आमच्या चाळीतले एक काका, आयुष्यभर युनियनमध्ये काढलेले, त्यांनी मला झोपूच दिलं नाही. म्हणाले आत्ताच्या आत्ता मेल कर की दबावाखाली सही घेतली, मी राजीनामा मागे घेतोय. शनिवारी सकाळी तेच पत्र स्पीड पोस्टने टाकलं. पुढे माझ्या बाजूने सगळ्यात भक्कम कागद तोच ठरला, कारण पंधरा दिवसांनी आठवण झालेल्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यावर ठेवतात. शिवाय राजीनामा पुढच्या तारखेपासूनचा असेल तर ती तारीख यायच्या आत तो साधारणपणे मागे घेता येतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ पासून सांगितलेलं आहे.

त्या रात्रीचा मेल

लोक म्हणतात इंग्रजी येत नाही. मराठीत लिहा, काही बिघडत नाही. चार ओळी पुरतात. सही केली नसेल तर साधारण अशा:

"आज दिनांक अमुक रोजी दुपारी साडेतीन वाजता मला एचआर विभागात बोलावून राजीनामा देण्यास सांगण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही व देण्याची माझी इच्छा नाही. त्यानंतर माझे पंचिंग कार्ड बंद करण्यात आले व मला गेटबाहेर जाण्यास सांगितले. मी नेहमीप्रमाणे कामावर येण्यास तयार आहे. कृपया मला कामावर रुजू करून घ्यावे अथवा कारण लेखी कळवावे."

बस. यात शिवी नाही, "तुम्हाला कोर्टात खेचीन" नाही, कुणाच्या खानदानाचा उद्धार नाही. "मी कामावर येण्यास तयार आहे" हे वाक्य मात्र सोडू नका, त्याची किंमत पुढे कळेल. आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेटवर जा. वेळेवर, डबा घेऊन. सिक्युरिटीने अडवलं की गेटसमोरून फोटो काढा आणि परत मेल, "आज सकाळी आठला हजर झालो, प्रवेश दिला नाही". तीन-चार दिवस हेच करायचं. लाज वाटते, मलाही वाटली, आतले लोक चहाच्या टपरीवरून बघत असतात. पण नाही गेलात तर आठवड्याभरात घरी पत्र येतं की आपण विनापरवानगी गैरहजर आहात, ॲबस्कॉन्डिंग, आणि मग उलट तुम्हीच आरोपी.

हो, आणि कंपनीचं पाकीट आलं की ते घ्या! पोस्टमनला "घेत नाही" म्हणून परत पाठवणारे कितीतरी जण भेटतात. पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा पडला की कोर्ट तुम्हाला ते मिळालं असंच धरतं, फक्त आत काय होतं ते तुम्हाला माहीत नसतं.

कागद गोळा करणं, आणि त्यातला एक खड्डा

अपॉइंटमेंट लेटर, पगार स्लिपा, बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, आयकार्डचा फोटो, बोनस किंवा इन्क्रिमेंटची पत्रं, अप्रेझलचे मेल. अपॉइंटमेंट लेटर कधी दिलंच नसेल तर पीएफ पासबुक हा नोकरीचा मोठा पुरावा, त्यात कुठल्या महिन्यापासून पैसे भरले ते दिसतं. पीएफ पोर्टलवर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकलंय तेही बघून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. कोर्टात "आम्ही काढलंच नाही" म्हणणारी कंपनी पोर्टलवर वेगळंच काही टाकून बसलेली असते.

खड्डा असा की रागाच्या भरात लोक ऑफिसच्या मेलवरून कस्टमरची यादी, ड्रॉइंग, रेट वगैरे सगळं स्वतःच्या जीमेलला पाठवतात, पुरावा म्हणून. ते करू नका. भेदभावाची चांगली केस एका रात्रीत डेटाचोरीची केस होऊन बसते. फक्त तुमच्या स्वतःच्या नोकरीशी संबंधित कागद ठेवा.

व्हॉट्सॲपचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग चालतं का, हा प्रश्न रोजचा. चालू शकतं, पण मूळ फोन जपून ठेवावा लागतो आणि सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. रेकॉर्डिंग कापून-जोडून आपल्याला हवा तेवढाच तुकडा ठेवू नका. फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. एकाने नवीन फोन घेतला म्हणून जुना एक्स्चेंजला दिला, सगळा पुरावा दुकानदाराकडे गेला.

तुम्ही नक्की कोण?

हा प्रश्न रटाळ वाटतो पण कुठल्या दारात जायचं ते यावरच ठरतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चार लेबर कोड लागू झाले, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड आला. त्यात "वर्कर" म्हणजे हाताने, तांत्रिक, क्लेरिकल, सुपरवायझरी असं काम करणारा, पण मॅनेजमेंटचं काम करणारा नाही, आणि सुपरवायझर असून पगार महिना १८,००० च्या वर असेल तर तोही नाही (आधी ही मर्यादा १०,००० होती). पण व्हिजिटिंग कार्डवर काय छापलंय याला फारशी किंमत नाही, काम काय करता ते बघतात. हल्ली कंपन्या सगळ्यांनाच "असिस्टंट मॅनेजर" करून टाकतात, ज्याच्या हाताखाली एक माणूस नाही, ज्याला कुणाची रजा मंजूर करता येत नाही. अशा वेळी तुम्ही रोज काय करत होता ते दाखवणारे मेल, शिफ्टचे रिपोर्ट, लॉगशीट लागतात.

वर्कर असाल तर मार्ग असा: कंपनीला मागणीपत्र द्यायचं, मग कामगार आयुक्तांच्या ऑफिसला अर्ज. मुंबईत ते बीकेसीच्या कामगार भवनात, बाकी जिल्ह्याजिल्ह्यात सहायक कामगार आयुक्त असतात. बँक, विमा, रेल्वे, एअरपोर्ट यांच्यासाठी केंद्राचं ऑफिस वेगळं, मुंबईत सायनला श्रम रक्षा भवन, तिथले लोक बीकेसीत आणि बीकेसीचे सायनला असे हेलपाटे नेहमी चालू असतात. अर्ज केल्यावर ४५ दिवसांत समेट झाला नाही तर पुढे थेट न्यायाधिकरणात जाता येतं. जुन्या कायद्यात यासाठी काढल्यापासून तीन वर्षं होती, नवीन कोडमध्ये दोन.

याशिवाय महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कायदा आहे, लांबलचक नाव, सगळे त्याला "यूएलपी" म्हणतात. सूडबुद्धीने काढणं, उघड खोट्या कारणाने काढणं, गैरहजेरीचा बनाव करणं, किरकोळ चुकीसाठी अतोनात शिक्षा देणं, हे सगळं त्यात अनुचित कामगार प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. तक्रारीची मुदत फक्त ९० दिवस. नवीन कोड आल्यानंतर तुमच्या केसला कुठलं दार योग्य हे वकिलाला पहिल्याच आठवड्यात विचारा, पण डोक्यात मुदत ९० दिवसांचीच ठेवून चाला, म्हणजे या दोन्हींपैकी कुठलंच दार बंद होणार नाही.

खासगी शाळा आणि ज्युनियर कॉलेजातले शिक्षक, शिपाई, क्लार्क यांना १९७७ चा एमईपीएस, म्हणजे खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा, तिथे स्कूल ट्रिब्युनलकडे अपील फक्त ३० दिवसांत. सर्वात जास्त मुदत इथेच चुकते, संस्थाचालक "बघू, बोलू, अध्यक्षसाहेब गावाला गेलेत" करत महिना काढतात. राज्य सरकारी कर्मचारी असाल तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुदत साधारण एक वर्ष.

आणि खरोखरचे मॅनेजर? त्यांना वाईट बातमी. खासगी कंपनीला कोर्ट सहसा "याला परत कामावर घ्या" असं सांगत नाही, दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागता येते आणि ती बऱ्याचदा नोटिस पिरियडच्या पगाराच्या आसपासच अडकते. म्हणून मॅनेजर लोकांनी केसपेक्षा बोलणी चांगली करावीत असं माझं मत, लढायचं असेल तर खालच्या भेदभावाच्या खुंट्या बघाव्यात.

कंत्राटी कामगारांनी अर्ज करताना ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांनाही पार्टी करावं. आणि नाव नीट टाका. गेटवरच्या बोर्डावर एक नाव, पगार स्लिपवर दुसरं, पीएफला तिसरं असतं. चुकीच्या कंपनीविरुद्ध दोन वर्षं केस लढलेला माणूस मी बघितलाय.

भेदभाव: कुठल्या खुंटीला अडकवायचं

लोक येऊन सांगतात, माझ्याशी भेदभाव झाला. झालाच असेल. पण आपल्याकडे खासगी नोकरीसाठी "जात, धर्म, वय, भाषा यावरून काढलं तर बेकायदा" असा एकच मोठा कायदा नाही. घटनेची कलमं १४, १५, १६ ही मुख्यतः सरकार आणि सरकारी संस्थांविरुद्ध चालतात. त्यामुळे नुसतं अन्याय झाला म्हणून भागत नाही, तुमचा शर्ट कुठल्या खुंटीला टांगायचा ते शोधावं लागतं. खुंट्या आहेत, पण वेगवेगळ्या भिंतींवर.

सगळ्यात मजबूत खुंटी बाळंतपणाची. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर २६ आठवड्यांची पगारी रजा (दोन मुलं असतील तर १२), आणि त्या रजेच्या काळात काढणं किंवा रजेत संपेल अशी नोटिस देणं बेकायदा. काढलंच तर ६० दिवसांत अपील. पूर्वी एअर इंडियात पहिल्या गरोदरपणाला हवाईसुंदरीची नोकरी संपायची, सुप्रीम कोर्टाने १९८१ साली ते रद्द केलं, आणि २००० साली दिल्ली महापालिकेच्या केसमध्ये रोजंदारीवरच्या बायकांनाही रजेचा हक्क आहे म्हणून सांगितलं. पण आता सरळ "गरोदर आहेस म्हणून जा" असं कोण म्हणतं? आता होतं असं की ताईने मॅनेजरला तोंडी सांगितलं, मॅनेजर अभिनंदन म्हणाला, पेढे खाल्ले, आणि तीन आठवड्यांत परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन (पीआयपी, म्हणजे काम सुधारा नाहीतर जा) हातात. मग कंपनी म्हणते आम्हाला गरोदरपणाचं माहीतच नव्हतं. म्हणून पेढ्यांसोबत एक मेलही करायचा, "माझी प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे, रजेची माहिती द्यावी". तारीख लागली की पुढचं सगळं त्या तारखेशी ताडून बघता येतं: आधीचं अप्रेझल चांगलं, बातमी या दिवशी, पीआयपी त्या दिवशी. भेदभावाच्या केसमध्ये कबुलीजबाब कधीच मिळत नाही, असा तारखांचा क्रमच बोलतो. त्यामुळे वहीत एक टाइमलाइन लिहाच, तारीख, काय झालं, कोण हजर होतं, कागद कुठला.

दुसरी खुंटी समान पगाराची. कायदा १९७६ चा, आता वेतन कोडमध्ये आलाय. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झीत ऑड्री डिकॉस्टा नावाच्या स्टेनोग्राफर होत्या, १९७७ मध्ये त्यांना नोकरीवरून कमी केलं, आणि त्यांनी लढून दाखवून दिलं की पुरुष स्टेनोंना तेच काम करून जास्त पगार होता. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि कंपनीला परवडत नाही हे कारण चालणार नाही असंही सांगितलं. इथे पुरावा म्हणजे तुलना, तेच काम करणारा पुरुष सहकारी आणि त्याचा पगार, नुसतं "मला कमी देतात" असं नाही.

लैंगिक छळाची तक्रार केली म्हणून काढलं, हा प्रकार फार. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी इंटर्नल कमिटी हवी, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार (कारण असेल तर आणखी तीन मिळू शकतात), दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. इथली चूक म्हणजे तक्रार साहेबांना तोंडी किंवा एचआरला चहा पिता पिता सांगणं. कमिटीच्या नावाने लेखी द्या, पोच घ्या. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, त्या रोज त्याच माणसाच्या शेजारी बसत राहतात आणि शेवटी कंटाळून राजीनामा देतात. परत तोच राजीनामा.

एचआयव्ही असल्याच्या कारणावरून नोकरी नाकारणं, काढणं हे २०१७ च्या कायद्याने खासगी क्षेत्रातही बंद आहे, आणि मुंबई हायकोर्टाने तर १९९७ मध्येच एका कॅज्युअल कामगाराच्या केसमध्ये सांगितलं होतं की माणूस काम करायला फिट असेल तर नुसत्या त्या कारणावरून कामावरून घालवता येणार नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा, प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. अपंगत्वासाठी २०१६ चा कायदा, त्यात सरकारी नोकरीत अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं, नाहीतर जादा पद तयार करावं लागतं. खासगीत तेवढी ताकद नाही, पण समान संधी धोरण प्रत्येकाला करावं लागतं, ते कंपनीकडे लेखी मागा. बहुतेकांकडे नसतं, आणि ते नाही हे कागदावर आलं तरी बोलणीत वजन पडतं.

जातीचं अवघड. कामावर चारचौघांत जातीवाचक अपमान केला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, पण नोकरीवरून काढणं हे वेगळं प्रकरण, त्यासाठी लेबरच्या बाजूनेच सूडबुद्धी, खोटं कारण या मुद्द्यांवर जावं लागतं. दोन्ही एकत्र कालवू नका. पोलिसांत दिलेला जबाब आणि लेबरला दिलेला अर्ज यात एक तारीख जरी वेगळी पडली तरी समोरचा वकील दोन्हीकडे तेच वाचून दाखवतो.

एन्क्वायरी लागली तर

कंपनीची चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र, आली की मुदतीत उत्तर द्या, वेळ हवा असेल तर लेखी मागा. आरोप ज्या कागदांवर आहेत ते मागा. कामकाज मराठीत हवं म्हणून पहिल्याच तारखेला लिहून द्या, सहकाऱ्याला मदतनीस म्हणून बरोबर घ्यायची परवानगी मागा. प्रत्येक तारखेला हजर राहा, रागावून गेला नाहीत तर एकतर्फी होते आणि मग कोर्टात सांगायला काही उरत नाही. कंपनीच्या साक्षीदाराला प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे, साधे विचारा: तुम्ही स्वतः बघितलं का, किती वाजता, तेव्हा तुमची शिफ्ट कुठली होती. रोजच्या कामकाजाच्या कागदावर वाचल्याशिवाय सही नाही, चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच बाजूला लिहून मग सही. सस्पेन्ड असाल तर निर्वाह भत्ता मिळतो, पहिले ९० दिवस अर्धा पगार, नंतर चौकशी तुमच्यामुळे लांबली नसेल तर ७५ टक्के. तो देत नसतील तर दर महिन्याला लेखी मागा.

लेबर ऑफिसमधली गुगली

आता ते "मी कामावर येण्यास तयार आहे" वाक्य. समेटाच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला कंपनीचा माणूस फाइल बंद करून शांतपणे म्हणतो, साहेब आम्ही याला काढलंच नाही, हाच येत नाही, उद्यापासून येऊ दे. आपला माणूस चक्रावतो, चिडतो, म्हणतो मला नाही जायचं यांच्याकडे, आधी मागचा पगार द्या. झालं. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं की केस अर्धी संपली, मागचा पगारही गेला. बरोबर उत्तर एकच: उद्या सकाळी हजर होतो, मागचा पगार आणि जुनी नोकरी सलग धरण्याचा माझा हक्क राखून ठेवून. आणि जायचं. बहुतेक वेळा गेटवर परत अडवतात, आणि तिथे कंपनीचं खोटं कागदावर येतं. खरंच घेतलं तर चांगलंच आहे की.

वकिलाच्या फीसाठी अडू नका. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. हेल्पलाइन १५१००.

पैशाचा हिशोब स्वतः करा

कपात म्हणून काढलं, म्हणजे तुमची चूक काही नाही, तर एक महिन्याची नोटिस किंवा पगार, अधिक प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार, वरचे सहा महिन्यांपेक्षा जास्त असतील तर ते एक वर्ष धरायचं. वर्षभरात २४० दिवस भरलेले असले की हे लागू. शिवाय शेवटचा आलेला आधी जातो हा नियम, तुमच्या मागून लागलेले पाच जण आत असतील तर त्यांची नावं लिहून ठेवा. कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची आधी परवानगी लागते, पूर्वी हा आकडा १०० होता. नवीन कोडमध्ये कपात झालेल्याला १५ दिवसांच्या पगाराएवढे रिस्किलिंगचे पैसेही आहेत.

समजा वेतन २४,००० आणि नोकरी ८ वर्षं ७ महिने, म्हणजे ९ वर्षं. कपातीची भरपाई १२,००० गुणिले ९, १,०८,००० रुपये. ग्रॅच्युइटी वेगळी, तिथे भागाकार २६ ने: २४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ९, साधारण १,२४,६१५. लोक दोन्ही एकच समजतात आणि एक घेऊन गप्प बसतात. नोटिस पगार, राहिलेल्या रजा, बोनस त्यावर. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नवीन कोडप्रमाणे ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागत नाहीत, एका वर्षानंतर प्रमाणात मिळते. आणि काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं वेतन कोड म्हणतो, पूर्वीसारखं दीड-दोन महिने "फुल अँड फायनल प्रोसेसमध्ये आहे" नाही.

मागचा पगार, म्हणजे बॅक वेजेस. याबाबतीत आपल्या औरंगाबादच्या शिक्षिका दीपाली सुरवसे यांचा २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सगळे वकील दाखवतात: बेकायदा काढलं असेल तर मागचा पगार हा सर्वसाधारण नियम. पण मधल्या काळात मी कुठे पगारी कामाला नव्हतो हे कामगाराने आधी शपथेवर सांगावं लागतं, मग होता हे दाखवायची जबाबदारी मालकावर. इथे लपवाछपवी नको. रिक्षा चालवली, दुकानात बसलात, तर जे मिळालं ते सांगा. पोट कुणाला चुकलंय, कोर्टालाही कळतं ते. लपवलेलं पीएफच्या नव्या खात्यावरून दोन मिनिटांत निघतं आणि मग बाकी सगळंही खोटं ठरतं.

सेटलमेंट

बऱ्याच केस इथेच संपतात, माझीही संपली. तीन वर्षांनी, मागणीपेक्षा कमी पैशात, पण राजीनामा रद्द धरून आणि नऊ वर्षांचं सर्व्हिस सर्टिफिकेट घेऊन. घरात बायकोने हिशोब मांडला होता की अजून किती वर्षं तारखांना जायचं, एका तारखेचे खाडे धरून काय पडतं, आणि तिचं बरोबर होतं.

सेटलमेंट करताना ते समेट अधिकाऱ्यासमोर किंवा कोर्टात करा, हॉटेलात चहावर नाही. ग्रॅच्युइटी आणि पीएफ यात धरलेत की वेगळे, हे आकड्यात लिहून घ्या, "सर्व देणी मिळाली" या चार शब्दांत लाखभर रुपये गायब होतात. सर्टिफिकेटचा मजकूर आधी वाचून, तोच जोडपत्र म्हणून लावा. पुढच्या तारखांचे चेक घेऊन केस मागे घेऊ नका. आमच्याकडे एकाला चार चेक दिले होते, पहिला वटला, त्याने केस काढून घेतली, दुसरा परत आला. तो आता परत शनिवारी येऊन बसतो, चेक बाउन्सची फाइल वेगळी आणि लेबरची वेगळी, दोन पिशव्या घेऊन.

माझ्या वेळी काकांनी बजावून ठेवलं होतं, म्हणून पैसे खात्यात आल्याचा मेसेज आला, मी एटीएममधून मिनी स्टेटमेंट काढलं, ते वकिलाला दाखवलं, आणि मगच माघारीच्या अर्जावर सही केली. पेन यावेळी माझं होतं.